झोळी, गोळी आणि जागं माणूस

मुळशीच्या जुन्या घरात तान्ह्या बाळाची झोपण्याची जागा ठरलेली असे. दिवसा माजघराच्या तुळईला किंवा पडवीच्या वाशाला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी, रात्री आईशेजारी वाकळेवर. लाकडी पाळणा लागे तो बारशाला. तो सगळ्यांच्या घरी नसे. शेजारून मागून आणत आणि कार्य उरकलं की परत पोचवत. पौड खोऱ्यापासून ताम्हिणीपर्यंतच्या या मावळ पट्ट्यातली घरं आता बदलली, पण झोळी टिकून आहे, आणि तिच्यासोबत तिचं एक समर्थनही टिकून आहे. दूध टाकणारं बाळ झोळीत गप्प झोपतं, कारण झोळीत डोकं वर राहतं आणि प्यालेलं दूध खाली बसतं, असं ते समर्थन. ऐकायला सरळ वाटतं, पण ते इतिहासाला धरून नाही आणि शरीराच्या रचनेलाही नाही. या भागातल्या रिवाजात बाळाला खरोखर सांभाळणाऱ्या गोष्टी दोन होत्या: बाळ पाठीवर असणं, आणि त्याच्याजवळ कुणीतरी जागं असणं. झोळी, गुटी, धुरी ही त्याभोवतीची सामग्री. गेल्या शंभर वर्षांत मुळशीची माणसं जसजशी जागची हलली तसतशी सामग्री तेवढी त्यांच्याबरोबर गेली. जागं माणूस मागे राहिलं, आणि त्याची उणीव कधी अफूने, कधी बाटलीतल्या औषधाने, तर कधी तिरप्या आसनाने भरून काढण्याचा प्रयत्न झाला.

१८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जातवार चालीरीती नोंदलेल्या आहेत, आणि त्यात बाळंतपणाला बरीच जागा दिलेली आहे. बाळंतिणीची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, बाळाला पहिले काही दिवस मध आणि एरंडेल, पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी पाळण्यात घालणं. नोंद करणाऱ्या साहेबाला यात विधी दिसले आणि त्याने ते लिहिले. या सगळ्या दिवसांत त्या खोलीत माणसं किती होती, हे त्याने लिहिलं नाही, कारण त्याला तो विधी वाटला नाही. सुईण रोज येऊन बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घाली, टाळू भरी, शेक देई. पाचवीच्या रात्री तर जागरणच असे. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, तेव्हा बाळाला एकटं ठेवायचं नाही. सव्वा महिना बाळंतिणीला बाहेरचं काम नसे. सासू, आजेसासू, थोरली जाऊ, धाकटी नणंद यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या नजरेत बाळ असेच. या रिवाजाची काही मुळं फार जुनी आहेत. बाळाचं अंथरूण मऊ, हलकं, स्वच्छ असावं, घामाने मळलेलं काढून टाकावं, असं चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. बाळाला एकाएकी जागं करू नये, झटक्याने उचलू नये, वर उडवू नये, वेळेआधी बसवू नये, असं सुश्रुतसंहितेत आहे. पौडच्या सुईणीने सुश्रुत वाचलेला नव्हता हे उघड आहे. पण बसत नसलेल्या बाळाला बसवायचं नाही हा नियम तिलाही ठाऊक होता, आणि तो नियम पुढे या गोष्टीत महत्त्वाचा ठरणार आहे.

दूध टाकण्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथली स्नायूंची पकड जन्मतः ढिली असते. बाळाचा आहार पातळ, पोट लहान, आणि बराच वेळ ते आडवंच असतं. त्यामुळे प्यालेलं दूध वर येणं ही बहुतेक बाळांची साधी गत आहे. १९९७ साली शिकागो परिसरातल्या साडेनऊशेच्या आसपास निरोगी बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात तीन महिन्यांच्या आतली निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती, चौथ्या महिन्यात हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेलं आणि वर्षाच्या आसपास शंभरातल्या पाचांवर उतरलं. म्हणजे जे औषध चौथ्या महिन्यात सुरू करून दहाव्यात थांबवाल ते गुणकारी ठरणारच, मग ती गुटी असो, ताईत असो की डॉक्टरांची बाटली. घरगुती उपायांची कीर्ती कशी वाढते याचं हे चांगलं उदाहरण आहे. जुन्या घरात या त्रासावर दोन प्रकारचे उपाय चालत. एक सहाणेवरचा: मुरडशेंग, वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ यांचे ठरलेले वेढे आईच्या दुधात उगाळून चाटवायचे. त्यातलं जायफळ झोपेसाठी असे, आणि किती वेढे द्यायचे यावर म्हाताऱ्या बायकांची कडक नजर असे, कारण जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं हे त्यांना माहीत होतं. दुसरा उपाय हाताचा: पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, ढेकर निघेपर्यंत खाली ठेवायचं नाही, आणि थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा पाजायचं. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिला उपाय बंद करायला सांगतात, कारण सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असा नियम आहे आणि सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात. दुसरा उपाय मात्र ते जसाच्या तसा लिहून देतात. लोकांनी जतन केली ती गुटी, आजही पुड्यांमधून विकत मिळते ती. अर्धा तास खांद्यावर घेऊन बसण्याची पुडी बांधता येत नाही.

आता झोळी. ती या घरांत आली त्याचं कारण दुधात नाही, जमिनीत आहे. ताम्हिणीच्या अंगाला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने शेणाने सारवलेली भुई ओलसर राहते आणि बिळातले जीव कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. विंचवाचं तर विचारूच नका. ताम्हिणी घाट उतरून खाली गेलं की महाडचा मुलूख लागतो, आणि विंचूदंशाने मरणारी माणसं, विशेषतः मुलं, प्राझोसिन या औषधाने वाचवता येतात हे डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं ते त्याच भागात. त्याआधी विंचू चावलेल्या लहान मुलासाठी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. अशा घरात तान्हं बाळ दिवसा भुईवर ठेवणं हा अविचारच ठरला असता. शिवाय कोंबड्या, मांजर, आणि टाकलेल्या दुधाच्या वासाने गालाला लागणाऱ्या मुंग्या. शेतातही तेच. आषाढात आवणीच्या वेळी खाचरात चिखल, बांधावर पाणी; बाळ ठेवायला कोरडी जागा एकच, झाडाची फांदी. म्हणून झोळी. बाळ भुईपासून वर ठेवण्याचं ते साधन होतं, आणि कोणत्याही घरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून ते बनत असे.

झोळीत बाळ उताणंच राहतं, पालथं पडू शकत नाही, ही तिची जमेची बाजू. पण डोकं वर राहिल्याने दूध खाली बसतं हे खरं नाही. झोळीत बाळ सरळ वर उचललेलं नसतं, ते मधोमध वाकलेलं असतं. गुडघे आणि छाती एकमेकांकडे येतात, पोट दाबलं जातं आणि दाबलेल्या पोटातून दूध जास्तच वर येतं. अमेरिकेत १९८३ साली सुझन ओरेन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या आसनाबद्दल नेमका हाच प्रयोग केला. दूध टाकणाऱ्या बाळांना त्या काळी साठ अंशांच्या कलत्या आसनात बसवून ठेवत. त्या आसनात दूध वर येणं कमी झालं नाही, वाढलं. झोळीतलं बाळ गप्प होतं ते झुलण्याने आणि कापडाच्या वेढ्याने. ते गप्प झालं म्हणजे त्याचं पोट बरं झालं असं नाही, आणि मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली तर अगदी लहान बाळाची श्वासाची वाट अरुंद होते, हा धोका वेगळाच. मग इतक्या पिढ्यांनी झोळी कशी चालवली? झोळीला एक दोरी असे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असे. तांदूळ निवडत बसलेली आजी हाताने किंवा पायाच्या अंगठ्याने झोका देई आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावे. रात्री झोळी रिकामी असे. दिवसाची, राखणीखालची ही वस्तू. तिच्या सुरक्षिततेचा हिशेब राखणीसकट मांडायला हवा, आणि आपण नेमकी राखण वगळून मांडतो.

या राखणीला पहिला मोठा धक्का कुठून बसला हे मुळशीत तरी तारखेने सांगता येतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटा कंपनीच्या धरणाचं काम अडवायला मावळे बसले. पुढे या लढ्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आलं आणि ते सेनापती बापट झाले. बायकाही या सत्याग्रहात होत्या. १९२४ पर्यंत लढा विझला, पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. ही वीज मुंबईला गेली, तिथल्या गिरण्या तिच्यावर चालल्या. मुळशीचा आणि मुंबईचा संबंध त्याआधीपासूनचा होता. मुंबईचे डबेवाले आजही मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले आहेत. पण इथे पाहायचं ते वेगळं आहे. ज्या गिरण्यांसाठी मुळशीचं पाणी अडवलं त्या गिरण्यांत त्या काळी दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, तिच्या कामाचे तास दिवसाला दहा-अकरापर्यंत जात, आणि तिचं तान्हं बाळ चाळीतल्या खोलीत असे. १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल जे लिहिलं त्यात एक आकडा पुढे सगळीकडे उद्धृत झाला: कामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. बाजारात ती ‘बाळागोळी’ म्हणून मिळे. गोळी दिलेलं बाळ दिवसभर झोपे, भुकेलं तरी रडत नसे, आणि म्हणून हळूहळू वाळत जाई.

याच काळात, १९२१ साली, मुंबई शहराच्या नोंदींत जन्मलेल्या हजारामागे साडेसहाशेच्या वर अर्भकमृत्यू दिसतात. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर, माहेरी जात; जन्म गावाच्या वहीत लागे आणि बाळ मुंबईत आल्यावर मेलं तर मृत्यू शहराच्या वहीत. त्यामुळे प्रमाण फुगलेलं आहे. पण त्या फुगवट्यातच एक माहिती दडलेली आहे. बाळ ज्या घरात पहिले महिने वाढलं त्या घरातून, दोरीच्या टोकाला बसलेल्या आजीपासून, ते चाळीत आलं. झोळी चाळीतही बांधली जात होती. तुळई नसली तर खिळ्याला. तिच्याखाली बसायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून गोळी आली.

यावर आक्षेप येईल तो वाजवी आहे. अफू ही शहराची किंवा गिरणीची देणगी नव्हती. १८९३ ते १८९५ या वर्षांत अफूची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे पश्चिम हिंदुस्थानातल्या साक्षीदारांनी सांगितलं होतं की बाळांना अफू चाटवण्याची रीत खेड्यांतही आहे, सुखवस्तू घरांतही आहे. मग गाव चांगलं आणि शहर वाईट असं चित्र कशाला रंगवायचं? रंगवायचं नाहीच. खेड्यातही अफू कधी दिली जाई हे पाहिलं की उत्तर मिळतं: शेतीच्या ऐन हंगामात, मजुरीला जाणाऱ्या बाईच्या बाळाला, ज्या घरात दुसरं माणूस नाही त्या घरात. सुखवस्तू घरांत तर बाळ दाईच्या हवाली असे आणि रात्रीची झोप दाईलाही प्रिय असते. म्हणजे प्रश्न गाव की शहर हा नाही. आईचे हात दुसऱ्या कामाला हवे असतात आणि तिच्या जागी कुणी नसतं, तिथे बाळाला झोपवण्याचं काहीतरी द्रव्य किंवा यंत्र सापडतंच. गिरणीने हा प्रसंग आषाढापुरता न ठेवता बारमाही केला, एवढाच फरक. तो लहान नाही.

आणखी एक आक्षेप घरातून येतो, आणि तो मला जास्त बोचरा वाटतो. जागं माणूस, जागं माणूस म्हणताना ते माणूस बाईच होतं, आणि तिची मर्जी कुणी विचारली नव्हती. सव्वा महिन्याचा विसावा नांदत्या घरच्या सुनेला. मोलकरणीला, कातकरणीला तो कुठून मिळणार? शेगडीच्या धुराने कोंडलेल्या खोलीत बाळाच्या फुप्फुसांचं काय होत असे? हे सगळं खरं आहे. शिवाय त्या काळी हिंदुस्थानात हजारातली दोनशेच्या घरातली बाळं पहिल्या वर्षातच दगावत, आणि मुळशी त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. नाळ कापायच्या हत्याराने धनुर्वात होई, हगवण होई, छाती भरे. एवढ्या मृत्यूंच्या गर्दीत झोपेत श्वास थांबून गेलेलं बाळ वेगळं ओळखूच आलं नसतं. ‘सटवाईने नेलं’ म्हणून त्याची बोळवण झाली असती. तेव्हा जुना रिवाज सुरक्षित होता असा माझा दावा नाही. दावा त्याहून अरुंद आहे: त्या रिवाजात जे दोन भाग टिकवण्यासारखे होते ते टिकले नाहीत, आणि जे टिकले ते दिसायला सोपे होते म्हणून टिकले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९९ साली जाहीर केलेल्या निष्कर्षांत, गावातल्याच बाईला शिकवून घरोघर नवजात बाळांकडे पाठवल्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तिथे तिच्या पिशवीतल्या औषधांचं मोल होतंच, पण ती बाई पुन्हा पुन्हा घरी येऊन बाळाकडे पाहत होती हा त्या पद्धतीचा पाया होता.

बाटल्यांचं प्रकरण थोडक्यात उरकता येईल. विल्यम वुडवर्डने १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपेचा अर्क, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क असे. मद्यार्क पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या बाटलीतून गेला. गंमत म्हणजे यातली शेप मुळशीच्या बाळंतिणीला नवी नव्हती, बाळंतशेपा ती रोज चावत होती. मराठी मासिकांच्या पानांवर गिरगावच्या डोंगरे बालामृताच्या जाहिराती झळकल्या आणि सुशिक्षित घरांत सहाणेची जागा चमच्याने घेतली. या बाटल्यांनी अफूसारखी हानी केली नाही. पण बाळ रडलं की काहीतरी पाजायचं, ही सवय त्यांनी पक्की केली, आणि दूध टाकणाऱ्या बाळाच्या भरल्या पोटात आणखी चमचाभर घालण्याने नेमकं काय साधतं, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

मग साहेबाच्या देशात तरी शहाणपण होतं का? तिथली कथा आपल्यापेक्षा वाईट आहे, आणि तिच्या मुळाशी दूध टाकण्याचीच भीती आहे. उताणं झोपलेलं बाळ उलटीने गुदमरेल, म्हणून त्याला पालथं झोपवा, असा सल्ला अमेरिकेतल्या बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीत दिला. रुग्णालयांनी, परिचारिकांनी, आयांनी तो पाळला. २००५ साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा चाळून दाखवलं की पालथं झोपवणं घातक असल्याचा पुरावा १९७० पर्यंत जमा झाला होता. तो वेळीच कुणी एकत्र करून पाहिला असता, तर एकट्या ब्रिटनमधली दहा हजारांहून जास्त बाळं आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती. १९८५ साली हाँगकाँगहून डी. पी. डेव्हिस यांनी लिहिलं होतं की तिथे असे मृत्यू विरळा आहेत, आणि तिथली बाळं पाठीवर झोपतात. नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटनने १९९१ मध्ये सल्ला उलटवला. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तो बदलला, १९९४ मध्ये मोठी मोहीम निघाली, आणि झोपेतले मृत्यू निम्म्याहून खाली आले. ज्या गुदमरण्याची भीती होती ते वाढलं नाही. कारण साधं आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढून जावं लागतं, आणि तेवढ्यात बाळ गिळतं किंवा खोकतं. पालथं केलं की हाच क्रम उलटतो. मुळशीची आजी बाळाला उताणं ठेवत होती ते यातलं काही ठाऊक असल्यामुळे नव्हे; तोंड दिसत राहावं म्हणून. तिचं कारण तिच्यापुरतं बरोबर होतं.

आता पुन्हा मुळशी. १९९० च्या दशकाच्या शेवटी हिंजवडीच्या शेतजमिनींवर माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहू लागली आणि बावधन, सूस, भूगाव, पिरंगुटपर्यंत इमारती पसरल्या. इथल्या बाळाला मण्यारीचं भय नाही, भुई ओली नाही, मुंग्या बाराव्या मजल्यावर पोचल्या तरी थोड्या. झोळीचं मूळ कारण संपलं. पण झोळी लोखंडी चौकटीवर, स्प्रिंगला, पुढे मोटरला लागली, आणि मोटरला हात लागत नाही. तिच्या जोडीला परदेशी धर्तीची झोपण्याची तिरपी आसनं आली. या आसनांचा इतिहास फिशर-प्राइस कंपनीच्या ‘रॉक अँड प्ले’मध्ये वाचावा. कंपनीच्या एका डिझायनरच्या बाळाला दूध वर येण्याचा त्रास होता, डॉक्टरांनी डोकं उंच ठेवायला सांगितलं, त्यातून तीस अंशांचं आसन सुचलं आणि २००९ साली ते बाजारात आलं. एप्रिल २०१९ मध्ये सत्तेचाळीस लाख आसनं परत मागवावी लागली. तोवर तीसच्या वर बाळं त्यात दगावल्याचं समोर आलं होतं, २०२३ पर्यंत हा आकडा शंभराच्या आसपास गेला. एरिन मॅनेन यांच्या गटाने केलेल्या तपासात दिसलं की अशा उतारावर बाळाची मान पुढे पडते आणि ते सपाट जागेपेक्षा सहज वळतं, पण सरळ होताना थकतं. दहा अंशांहून जास्त उतार असलेली झोपण्याची साधनं अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने बंद केली. सुश्रुताचा न बसवण्याचा नियम इथे आठवतो. त्याने दिलेलं कारण कुबड येण्याचं होतं, ते बाजूला ठेवलं तरी.

दूध टाकणाऱ्या बाळाला झोपवण्याबद्दल आज डॉक्टर सांगतात ते यामुळे फारच कमी सामग्रीचं आहे. टणक, सपाट अंथरूण, बाळ पाठीवर, आईच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर. डोक्याखाली उशी नाही, मोहरीचीसुद्धा नाही, गादीच्या डोक्याकडे टेकू नाही, अंगावर जाड पांघरूण नाही, खोलीत धूर नाही. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरायचं, एका वेळी पोट तुडुंब भरायचं नाही. उलटी हिरवी असेल, रक्ताची असेल, पहिल्या दोन महिन्यांत कारंज्यासारखी लांब उडत असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र घरी थांबायचं नाही. याला घरातून उत्तर येतं: आम्ही सगळे झोळीतच वाढलो, काय झालं? हे उत्तर देणारे सगळे जिवंत आहेत, ही त्यातली अडचण. साडीच्या झोळीत पीळ बसून मुलांच्या गळ्याला फास लागल्याच्या घटना भारतीय डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, आणि त्यात मोठं माणूस जवळ नसणं पुन्हा पुन्हा दिसतं. झोळी काढून जाळा असं म्हणण्याची गरज नाही. बाळ जागं असताना, कुणी समोर बसलं असताना, आवणीच्या बांधावर तिच्याइतकं कोरडं दुसरं काही नाही. झोप लागली की सपाट जागी, एवढाच तो बदल.

पण सपाट जागी ठेवलेलं बाळ वाकळेवर असो की फोमच्या गादीवर, त्याला पाजणारं आणि अर्धा तास उभं धरणारं कुणीतरी लागतं, आणि हिशेब परत तिथेच येतो. १९२९ साली मुंबई इलाख्याने प्रसूतीच्या रजेचा कायदा केला, तो हिंदुस्थानातला पहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, पुढे १९७६ साली ती संख्या तीसवर आली. १९९६ च्या कायद्याने इमारतींच्या बांधकामावर पन्नासहून अधिक बायका असतील तिथेही तीच सक्ती झाली. हिंजवडी ज्या हातांनी बांधली गेली त्यांची बाळं परातीशेजारी झोळीत झुलत. मोबाइल क्रेशेससारख्या संस्थांनी पुण्यातल्या बांधकामांवर पाळणाघरं चालवली, तरी ठेकेदार बायकांची संख्या पन्नासच्या खाली दाखवत असे हे कुणाला नवीन नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वेतनी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. त्याआधी १९६१ च्या कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या होत्या, नियमांनी त्या साधारण पंधरा-पंधरा मिनिटांच्या ठरवल्या. पंधरा मिनिटांत बाळाचं पाजून होतं. पुढची वीस-तीस मिनिटं त्याला खांद्यावर धरायला कोण, हे त्या नियमात नाही. म्हणून अजूनही कोळवणची किंवा माल्याची आजी सहा महिन्यांसाठी गाव सोडून बावधनच्या फ्लॅटमध्ये राहायला येते, आणि गावाकडची भाताची आवणी त्या वर्षी मजुरीने करून घ्यावी लागते.